उपकारस्तुतीचा हिशेब

जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात 1563 साली एक प्रश्नोत्तरावली छापून निघाली. पॅलेटिनेटचा शासक तिसरा फ्रेडरिक याला आपल्या मुलुखातल्या शाळांत आणि चर्चमध्ये एकच शिकवण चालावी असे वाटत होते. झाखारियास उर्सिनुस हा तिशीही न गाठलेला प्राध्यापक तिच्या मसुद्यामागचा मुख्य माणूस. एकशे एकोणतीस प्रश्न, आणि त्यांचे तीन भाग: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. ल्यूथरच्या 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीत दहा आज्ञा अगदी पहिल्या पानावर येतात. हायडेलबर्गकरांनी त्या उचलून तिसऱ्या भागात नेल्या. प्रभूची प्रार्थनाही तिथेच ठेवली. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, आईबापांचा मान राखावा, हे सगळे आभार कसे मानावेत या सदराखाली आले.

नुसती सोय म्हणून केलेली ही मांडणी नव्हती. देवाने आधी सोडवले. सोडवलेला माणूस नीट वागू लागतो तो शिक्षेच्या धाकाने नाही आणि पुण्य साठवण्यासाठीही नाही, असा तिच्यामागचा दावा. प्रार्थना हा कृतज्ञतेचा मुख्य भाग, असेही तीच सांगते. ख्रिस्ती जीवनाचा गाभा कोणता या प्रश्नाला विश्वास, प्रीती, आज्ञापालन, सेवा अशी उत्तरे पुष्कळांनी दिली. कृतज्ञता हे उत्तर इतक्या ठामपणे क्वचितच कोणी दिले असेल. मला ते बरोबर वाटते, पण एका अटीवर. तिसरा भाग पहिल्यापासून तोडता कामा नये. दुर्दशेची गोष्ट गाळून मागितलेले आभार फार लवकर नासतात, आणि चर्चच्या इतिहासात ते वारंवार नासलेले दिसतात.

जुन्या करारात आभार म्हणजे भावना कमी आणि जेवणावळ जास्त. लेवीयच्या सातव्या अध्यायात उपकारस्तुतीच्या अर्पणाचे नियम दिले आहेत. जनावर, त्याच्याबरोबर तेलात मळलेल्या बेखमीर पोळ्या, शिवाय खमिराच्या भाकरीही. आणि एक अट: मांस त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही उरवायचे नाही. नवसाच्या अर्पणाला दुसऱ्या दिवसाची मुभा होती, याला नाही. आता एक अख्खे जनावर आणि एवढ्या भाकरी एका घराने एका दिवसात संपवायच्या कशा? शेजारीपाजारी बोलवावेच लागणार. ते पंगतीला बसले की विचारणारच, हे कशाबद्दल? मग आजारातून उठल्याची, कैदेतून सुटल्याची हकीकत सांगणे आले. नियमाचे कारण बायबल देत नाही. यहुदी भाष्यकारांनी मात्र ते असे लावले आहे, आणि पंगत वाढलेल्या कोणालाही ते पटेल.

अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातली टोपली याहून बोलकी आहे. शेतकरी पहिला उपज टोपलीत घालून येतो, याजक ती घेऊन वेदीपुढे ठेवतो. मग शेतकऱ्याने बोलायचे असते. काय बोलायचे तेही ठरलेले आहे, आणि त्यात पाऊसपाण्याचा, दाणे किती भरले याचा उल्लेखच नाही. आपला पूर्वज एक भटका अरामी होता, इथून तो सुरू करतो. मग मिसरात जाणे, तिथली वेठबिगारी, छळ, देवाला मारलेली हाक, सुटका, हा देश. आणि अगदी शेवटी, म्हणून ही टोपली आणली आहे. त्यानंतर लेवी आणि गावात राहणारा उपरा यांना सोबत घेऊन आनंद करायचा. ज्याचे कोठार भरले आहे त्याच्या तोंडून देव वर्षातून एकदा गुलामीची हकीकत वदवून घेतो. हायडेलबर्गचा तीन भागांचा क्रम या टोपलीत आधीच होता.

येशूच्या गोष्टींत कृतज्ञतेचे कौतुक आहे तसा तिचा संशयही आहे. लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी सगळ्यांच्या परिचयाचे. एकच परत येतो आणि तोही शोमरोनी. प्रवचनांत उरलेल्या नऊ जणांना झोडपून काढायची आपल्याकडे पद्धत आहे. पण त्या नऊ जणांचा रोग काही उलटला नाही. ते कुठे आहेत, एवढे येशू विचारतो आणि परत आलेल्याकडे वळतो. त्याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात देव कृतघ्नांशीही भलेपणाने वागतो असे त्याने सांगून ठेवले आहे. अठराव्या अध्यायात तर आभारच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत. मंदिरातला परूशी प्रार्थनेची सुरुवात देवाचे आभार मानूनच करतो: मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा तर नाहीच. जकातदार आभाराचा शब्दही काढत नाही. त्याला फक्त दया हवी आहे. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार. ‘देवाने आम्हाला काही कमी केलं नाही, नाहीतर त्या अमक्यांचं बघा’ ही घराघरांतली प्रार्थना परूशाच्याच घराण्यातली.

पौलाच्या काळात सेनेका रोममध्ये उपकारांविषयी सात भागांचा ग्रंथ लिहीत होता. रोमन समाज आश्रयदाते आणि आश्रित यांच्या जाळ्यावर उभा होता. कोणी कोणाला काय दिले आणि कोण कोणाचे देणे लागतो, याची आठवण सगळ्यांना पक्की. सेनेका या व्यवहाराला सभ्य करू पाहतो. देण्यात घाई नको, मोजमाप नको, घेण्यात ओशाळलेपण नको. व्यवहार मात्र तोच राहतो. साधारण याच सुमारास पौल कैदेत होता आणि फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत धाडली. पत्राच्या शेवटी तो या मदतीवर चांगली अकरा वचने खर्च करतो आणि ‘मी तुमचा आभारी आहे’ असे सरळ एकदाही म्हणत नाही. आनंद झाला म्हणतो. मी गरजेपोटी हे बोलत नाही म्हणतो. टंचाईत आणि सुबत्तेत कसे राहावे हे मी शिकलोय म्हणतो. मग ही देणगी देवाला प्रिय असा यज्ञ ठरते, आणि तुमची गरज माझा देव पुरवील असे सांगून तो मोकळा होतो.

या अकरा वचनांनी अभ्यासकांना बराच घाम फोडला आहे. काहींना ती आढ्यतेची वाटतात, काहींना संकोचाची. मला सर्वांत सरळ खुलासा हा वाटतो की पौलाला आश्रिताच्या जागी बसायचे नव्हते आणि फिलिप्पैकरांना आश्रयदात्याच्या जागी बसवायचेही नव्हते. देव मध्ये आला की देणारा आणि घेणारा दोघेही घेणारेच ठरतात, आणि मग कोणी कोणाच्या उपकाराखाली दबत नाही. करिंथकरांना तर तो विचारतोच, तुमच्याकडे असे काय आहे जे तुम्हाला मिळालेले नाही? आणि रोमकरांना लिहिताना माणसाच्या अधोगतीचे मूळ शोधत तो खून-चोरीच्या मागे जातो, आणि देवाला ओळखूनही त्याचे आभार मानले नाहीत, तिथे बोट ठेवतो.

जॉन बार्कले यांच्या ‘पॉल अँड द गिफ्ट’ या 2015 च्या जाडजूड ग्रंथाने या चर्चेला नवे वळण दिले. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये दाखवले होते की दान नाते बांधते आणि परतीची अपेक्षाही बाळगते. बार्कले तो धागा पौलापर्यंत नेतात. देवाची कृपा घेणाऱ्याची लायकी पाहून दिलेली नसते हे खरे, पण तिला प्रतिसाद नकोच असतो असे पौल कुठे म्हणत नाही. आपण आधुनिक माणसे या दोन गोष्टी एकच समजतो. परत काही मागितले की दान खोटे, असे आपल्याला वाटते. पहिल्या शतकात तसे कोणालाच वाटत नव्हते.

पहिल्या शतकांच्या उपासनेत हे सगळे भाकरीपाशी एकत्र आले. येशूने विश्वासघाताच्याच रात्री भाकर घेऊन उपकारस्तुती केली होती. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमावलीचे हस्तलिखित 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडले आणि दहा वर्षांनी छापले गेले. तिच्यातल्या भोजनप्रार्थना आभारांनीच सुरू होतात. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये राहणारा जस्टिन सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या रविवारचे वर्णन लिहितो. अध्यक्ष जमेल तेवढी उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात, न आलेल्यांकडे सेवक वाटा पोचवतात. ज्यांना परवडते ते काही देतात, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय लागते. प्रभुभोजनाचा हा आभाराचा गाभा आपल्या काळात ऑर्थोडॉक्स परंपरेतल्या अलेक्झांडर श्मेमान यांनी सर्वांत चांगला मांडला. जग हातात घेऊन ते देवाकडे आभारासह परत करणे हे माणसाचे मूळ काम, असे त्यांचे म्हणणे. नोव्हेंबर 1983 मध्ये, कर्करोगाने जाण्याच्या काही आठवडे आधी, त्यांनी शेवटची उपासना चालवली ती अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. एरवी कागद न घेता बोलणाऱ्या या माणसाने त्या दिवशी छोटेसे लिहून आणलेले आभार वाचले.

मध्ययुग आणि सोळाव्या शतकाबद्दल थोडक्यात. थॉमस अक्वायनसने कृतज्ञता न्यायाच्या प्रकरणात घातली, म्हणजे ती देणे आहे. पण देणाऱ्याने आपणहून दिलेले असते, म्हणून परतफेडही मिळाले त्याहून थोडी जास्त असावी असे तो म्हणतो. हा हिशेब न संपणारा आहे हे त्याला दिसत होते. इग्नेशियस लोयोलाने आणखी व्यवहारी वाट काढली. त्याने शिकवलेल्या दैनंदिन आत्मपरीक्षणात पहिली पायरी पापांची नाही, मिळालेल्या दानांबद्दल आभारांची आहे. 1542 मधल्या एका पत्रात तो कृतघ्नतेला सगळ्या पापांचे मूळ मानतो. 

हायडेलबर्गच्या मांडणीवर सर्वांत टोकदार आक्षेप तिच्याच घरातून आला. अमेरिकन पाळक जॉन पायपर यांनी 1995 च्या ‘फ्युचर ग्रेस’मध्ये विचारले की कृतज्ञता हाच आज्ञापालनाचा हेतू धरला तर ते ऋणकोचे नीतिशास्त्र होत नाही का? देवाने माझ्यासाठी एवढे केले, आता मी त्याच्यासाठी काय करू, असे म्हणत म्हणत भक्त हप्ते भरू लागतो. त्यांच्या मते बायबल माणसाला मागे बघून फेडायला सांगण्यापेक्षा पुढे येणाऱ्या कृपेवर विसंबायला सांगते. आक्षेप वजनदार आहे, आणि मराठी माणसाला तो चटकन कळेल, कारण उतराई होण्याची ओढ आपल्या हाडात आहे. तरीही पायपर यांचे निदान मला अर्धेच पटते. फेडण्याचा सोस ही कृतज्ञतेची विकृती आहे, तिचा स्वभाव नव्हे. टोपलीवाला शेतकरी काही फेडत नाही. तो हकीकत सांगतो आणि उपऱ्याला जेवायला बसवतो.

मराठी मंडळ्यांत ही टोपली अजून येते. गोव्यात राय गावी 5 ऑगस्टला नव्या भाताच्या कणसांचा सण सुरू होतो, मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा. घाटावरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत हंगामाचा सण. वेदीपुढे बाजरीची, ज्वारीची कणसे, उसाच्या मोळ्या, दुधी, वांगी, अंडी आणि पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी नेमकी प्रवचनातच ओरडते. भक्ती झाली की आवारात लिलाव. वीस रुपयांचा भोपळा दोनशेला जातो, घेणारा तो तिथेच परत अर्पण करतो आणि पुन्हा बोली लागते. कोणाला किती परवडते हे सगळ्या गावाला माहीत असते, त्यामुळे ईर्षाही चालते. तरी हा लिलाव मला छापील आभारपत्रांपेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतो, कारण एक भोपळा चार घरांचा होऊन जातो.

पण याच मुलुखात आभारांचा दुसराही इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईला आले, 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचले. 1876 ते 78, 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनांनी, आणि यातल्या शेवटच्या दोन दुष्काळांत केडगावच्या पंडिता रमाबाईंनी, हजारो जीव वाचवले, हे नाकारता येत नाही. महार-मांग वस्त्यांतून मंडळ्या उभ्या राहिल्या. बाहेरून ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा, आणि आतून अपेक्षा अशी की वाचवलेल्यांनी कायम उपकृत राहावे. दोन्हींचा अर्थ एकच: तुम्हाला बोलायचा अधिकार नाही. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. येशूची उपकारस्तुती मराठीत त्यांच्याइतकी कोणी गायिली नाही, ती आजही भजनांतून चालू आहे. याच टिळकांनी मिशनऱ्यांच्या मालकीवर कडक टीका केली, आणि 1917 मध्ये मिशनची चाकोरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. मिशनऱ्यांवर त्यांचे प्रेम होते. मात्र देवाचे आभार आणि मिशनचे मिंधेपण यांत त्यांनी गल्लत केली नाही. पौलाने फिलिप्पैकरांच्या बाबतीत जे केले तेच हे, मराठीत.

हल्ली कृतज्ञतेला मानसशास्त्राचाही पाठिंबा मिळतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलॉ यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आभाराच्या गोष्टी नियमित लिहिणारे लोक कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा समाधानी आढळले. पुढे अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा हा परिणाम माफक निघाला, पण आभाराच्या वह्यांचा बाजार तोवर तेजीत आला होता. चर्चमध्येही हे निष्कर्ष हौसेने सांगतात. मला त्यात एक गोची दिसते. वहीतले आभार कोणाला उद्देशून नसले तरी चालतात. ते लिहिणाऱ्याला बरे वाटावे म्हणून असतात. लेवीयमधले आभार पाहुण्यांशिवाय पुरेच होत नव्हते.

खरी कसोटी दुःखाची. थेस्सलनीकाकरांना पौल सर्व स्थितीत उपकारस्तुती करा म्हणतो, इफिसकरांच्या पत्रात सर्व गोष्टींबद्दल करा असे येते, आणि या दोहोंमधल्या फटीत कित्येक शोकाकुल माणसे अडकली आहेत. पोराच्या मरणाबद्दलही आभार मानायचे? कोरी टेन बूम यांच्या ‘द हायडिंग प्लेस’मध्ये नाझींच्या रावेन्सब्रुक छावणीतली त्यांची बहीण बेत्सी बराकीतल्या पिसवांबद्दलही देवाचे आभार मानते, नंतर कळते की पिसवांमुळेच पहारेकरी आत येत नव्हते आणि बायबलवाचन चालू राहिले. प्रवचनात ही गोष्ट हमखास येते. बेत्सी डिसेंबर 1944 मध्ये त्याच छावणीत वारली, हे मात्र गोष्टीच्या शेवटी घाईत उरकले जाते. पिसवांचा उपयोग कळला. तिच्या मरणाचा कळला नाही.

त्या मानाने जर्मन पाळक बॉनहॉफर जास्त खरे बोलतात. 1943 च्या नाताळात तेगेलच्या तुरुंगातून त्यांनी लिहिले की गेलेल्या माणसाची जागा भरून येत नाही, देवही ती भरत नाही. त्या रिकामपणातच नाते टिकते, आणि आठवणीतल्या यातनेचा आनंद होतो तो कृतज्ञतेमुळे. जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचा पाळक मार्टिन रिंकार्ट याने 1637 च्या साथीत हजारो माणसे पुरली, त्यात त्याची बायकोही होती. जर्मन चर्चचे सर्वांत प्रसिद्ध आभारगीत त्याचेच. ते बहुधा साथीआधीचे, मुळात जेवणानंतर म्हणायचे. साथ सरल्यावरही ते त्याच्या गावात म्हटले गेले, एवढे मला पुरेसे वाटते.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे आभाराच्या स्तोत्रांपेक्षा जास्त आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. आपल्या साक्षीच्या सभांत मात्र विलापाला जागा नसते. उठून बोलतात ते नोकरी लागलेले, व्हिसा मिळालेले, ऑपरेशन यशस्वी झालेले. ज्यांचे ऑपरेशन फसले त्यांच्या घरचे मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवतात. समृद्धीचा संदेश देणाऱ्यांनी तर आभारांचे रूपांतर आगाऊ रकमेत केले आहे: आधी आभार माना, मग मिळेल.

अरविंद निर्मळ यांनी 1980 च्या दशकात दलित ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची मांडणी सुरू केली तेव्हा नमुना म्हणून अनुवादाचा तोच सव्विसावा अध्याय घेतला. भटक्या अरामी पूर्वजाच्या जागी त्यांनी दलित पूर्वज उभे केले आणि म्हटले की आपलीही विश्वासाची कबुली गावकुसाबाहेरच्या इतिहासापासून सुरू झाली पाहिजे. निर्मळ मुक्तीच्या संदर्भात वाचले जातात. कृतज्ञतेवरच्या पुस्तकांत त्यांचे नाव सहसा नसते. ही मोठी चूक आहे, कारण त्यांनी निवडलेला उतारा मुळात हंगामाच्या अर्पणाचा आहे. आपल्याकडे उलट शिकवण दिली गेली: ख्रिस्ती झालात, आता जात संपली, जुने उगाळू नका, देवाचे आभार माना. सरकारनेही तेच धरले. अनुसूचित जातींविषयीचा 1950 चा आदेश हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. न्यायालयातली लढाई दोन दशके चालू आहे, 2022 मध्ये केंद्राने त्यासाठी आयोगही नेमला. हंगामाच्या सणाच्या प्रार्थनेत या दाव्याचा उल्लेख केला की राजकारण आणले अशी कुजबुज होते. टोपली पुढे ठेवून मिसरातल्या बिगारीचा पाढा वाचणाऱ्या शेतकऱ्यावरही मग तोच आक्षेप घ्यावा लागेल.